नाकाला रुमाल नको

माझ्या मेडिकलच्या दुकानाचं उद्घाटन होतं, त्या दिवशी कांबळे सिस्टर पहिल्यांदा दुकानात आल्या. दाराला तोरण, आत उदबत्त्यांचा धूर, काउंटरवर पेढ्यांचा बॉक्स. येणारा प्रत्येक जण 'जागा मोक्याची आहे' असं म्हणून पेढा तोंडात टाकत होता. सिस्टरांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. दोन पावलं आत आल्या, मान जरा वर केली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मला म्हणाल्या, "फ्रीजच्या मागं उंदीर मेलाय. आजचा न्हाय, परवाचा हाय." मला कुठं तोंड लपवू असं झालं. पाहुणे पांगल्यावर फ्रीज ओढून पाहिला, तर उंदीर होता आणि तो परवाचाच असावा. दुसऱ्या दिवशी त्या गोळ्या घ्यायला आल्या. उंदराचा विषय त्यांनी काढला नाही. मीच काढला, तेव्हा म्हणाल्या, "कालचा पेढा दे आता."

सोलापुरात विजापूर रोडला आमचं संकुल आहे. खाली दुकानं, वर फ्लॅट. मागच्या बाजूला मोकळी जागा होती. मंजूर नकाशात ती मुलांना खेळायला सोडलेली होती. सिस्टरांचं घर पहिल्या मजल्यावर, याच मागच्या बाजूला. गाव माढ्याकडचं. सरकारी दवाखान्यात सर्जिकल वॉर्डात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर घेतलं ते हे. यजमान आधीच वारले होते. मुलगी प्रज्ञा पुण्याला नोकरीला. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीत कोरफडीची कुंडी आणि सगळीकडे साबणाचा स्वच्छ वास. इतकं स्वच्छ घर मी दुसरं पाहिलेलं नाही. चप्पल दाराबाहेर काढतानाही आपण काहीतरी मळवतोय असं वाटायचं.

त्यांचं नाक हा आमच्याकडे थट्टेचा विषय होता, पण त्या नाकामागे एक शिस्त होती. नाक कितीही तीक्ष्ण असलं तरी त्या ते कधी झाकत नसत. कचऱ्याची गाडी जवळून जावो, दुकानासमोर एखादा दारुडा ओकून पडो, त्यांचा पदर नाकाकडे जायचा नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "पट्टी सोडायच्या आधी नाक सांगतं, जखम भरतीय का सडतीय. ते झाकून कसं चालंल? आन् दुसरं म्हंजे, पेशंट आपल्याकडं बघत असतो की. आपण नाक झाकलं की त्याला कळतं, आपली घाण झाली म्हणून. मग तो बरा व्हायचा इचारच सोडतो." नवीन आलेल्या पोरींना त्या पहिल्या दिवशी हे एकच शिकवायच्या. नाकाला रुमाल नको. इंजेक्शन नंतर.

संकुल उभं राहून थोडी वर्षं झाली आणि मागचं चेंबर तुंबायला लागलं. सोलापुरात नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. आमच्या चेंबरला मात्र रोज यायचं. बिल्डरने जितक्या लोकांचा विचार करून ड्रेनेजची लाइन टाकली होती, त्याच्या दुप्पट लोक आणि दोन हॉटेलं त्या लाइनीवर बसली होती. पुढच्या बाजूच्या फ्लॅटवाल्यांना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या खिडक्यांत रस्त्यावरचा वारा यायचा. मागच्या आठ घरांत काय यायचं ते सिस्टरांना माहीत होतं. संकुलात कुणी नवीन माणूस आला, मग तो विमा एजंट असो की कुणाचा जावई, सिस्टर त्याला चहा पाजून मागे चेंबरपाशी नेऊन उभं करायच्या. "बघून जावा," एवढंच म्हणायच्या. जावई मंडळी पुन्हा आली नाहीत.

अशात बातमी आली की बिल्डर संकुल वाढवतोय. मागच्या मोकळ्या जागेवर दुसरा टप्पा: खाली दुकानं, त्यावर लग्नाचा हॉल, वर ऑफिसं आणि फ्लॅट. सुधारित नकाशा महापालिकेकडून मंजूर करून घ्यायचा आणि त्याआधी आमच्यातल्या दोन तृतीयांश लोकांची संमती घ्यायची, असं ते काम होतं. त्यासाठी बिल्डरचा एक माणूस होता, धनराज नावाचा. पांढरे कपडे, हातात अत्तर लावलेला रुमाल, आणि कुणालाही पहिल्या भेटीत नातं लावायची सवय. सिस्टरांना तो 'मावशी' म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "मी तुझी मावशी न्हाय. सिस्टर म्हण." धनराज हसला. असली माणसं अपमान झाला की हसतात, आणि मला त्या हसण्याचीच जास्त शिसारी येते.

थंडीचे दिवस होते. धनराजने सगळ्या संकुलाला मैंदर्गीच्या बाजूला बिल्डरच्या शेतावर हुरडा खायला नेलं. हुरड्याला बोलावलं की सोलापूरचा माणूस नाही म्हणत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन बस भरून आम्ही गेलो. आगटीत गोवऱ्या फुलल्या होत्या, कोवळी कणसं भाजली जात होती, शेंगाचटणी, दही, गूळ, सगळं हवं तेवढं. सिस्टर येणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या आल्या, मांडी घालून बसल्या आणि पोटभर खाल्लं. मी चकित होऊन पाहतोय हे बघून म्हणाल्या, "ज्वारी जमिनीची हाय. तिनं काय केलंय?"

लोक तृप्त झाले, तसं धनराजने विषय काढला. दुसरा टप्पा झाला की फ्लॅटचे भाव वाढतील, दुकानांना गिऱ्हाईक वाढेल, सभासदांना हॉल सवलतीत मिळेल. लोक माना डोलवत होते. तोंडातला घास गिळून माना डोलवत होते. सिस्टर उठल्या आणि त्यांनी एकच विचारलं, की नव्या इमारतीची घाण कुठल्या लाइनीत जाणार. धनराज म्हणाला, ते इंजिनिअर लोक बघतील. सिस्टरांनी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा आमचे चेअरमन, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, दात कोरत म्हणाले, "अहो, तुम्हाला वासाचं एवढं काय? तुम्हाला तर सवय असेल."

दवाखान्याची सवय, असं म्हणायचं होतं, हे त्यांनी नंतर चार जणांना सांगितलं. पण त्यांना खरं काय म्हणायचं होतं ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. दोघं-तिघं तर हसलेही. सिस्टरांचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "व्हय, सवय हाय. तुमच्या घरच्यांच्या पट्ट्या ह्याच हातानं बदलल्यात. म्हणून तर सांगते, हे सडतंय." आणि हात धुवायला विहिरीकडे गेल्या. परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. मी जाऊन बसलो. सगळ्या वाटेत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बोलल्या त्या इतकंच, की दही जरा आंबट होतं.

आठवडाभरात संमती पुरी झाली. माझी सही नव्हती, सिस्टरांची नव्हती, मागच्या आणखी चार घरांची नव्हती. त्याने कुणाचं काही अडलं नाही. मागच्याच आठांपैकी तिघांनी सही दिली. रोज ज्यांच्या बाथरूममधून वास यायचा, त्यांनी. भाव वाढला की फ्लॅट विकून निघून जाऊ, असा त्यांचा हिशोब होता. म्हणजे ही घाण दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायची, आणि वरून पेढे वाटायचे.

मग महापालिकेचा इंजिनिअर जागा बघायला आला. धनराजने आदल्या दिवशी टँकर लावून चेंबर उपसून घेतलं होतं, फिनेल ओतलं होतं आणि झाकणांवर झेंडूच्या कुंड्या मांडल्या होत्या. जन्मात या संकुलात कुणी कुंडी ठेवली नव्हती. इंजिनिअर तरुण होता, कागद घेऊन भराभर चालत होता. सिस्टर खाली आल्या, एकेक कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि झाकण काढायला सांगितलं. धनराज टाळाटाळ करायला लागला तेव्हा मी आणि दुकानातल्या एकाने पहार लावून झाकण उचललं. एका रात्रीत ते पुन्हा गळ्यापर्यंत भरलं होतं. इंजिनिअरने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"साहेब, रुमाल काढा," सिस्टर म्हणाल्या. "नाक झाकून तपासणी होत न्हाय."

त्याने काय विचार केला कोण जाणे, पण रुमाल काढला. क्षणभर उभा राहिला, पांढराफटक पडला, आणि वाकून नीट आत पाहिलं. जाताना सिस्टरांना नमस्कार करून गेला. त्या दिवशी सिस्टर खुशीत होत्या. मला म्हणाल्या, "पोरगं चांगलं हाय. वॉर्डात असतं तर टिकलं असतं." आणि खरंच, मंजुरी आली ती अट घालून आली. वेगळी नवीन ड्रेनेज लाइन टाकल्याशिवाय नवी इमारत वापरायला मिळणार नव्हती. आम्ही दुकानात कडक चहा मागवला. सिस्टरांनी त्या दिवशी स्वतःहून दोन कप घेतले.

आम्ही मूर्ख होतो. इमारत उभी राहिली. त्या तरुण इंजिनिअरची बदली झाली. मग वापराची परवानगी तुकड्यातुकड्याने निघायला लागली. आधी नुसती दुकानं. मग हॉल, तात्पुरता. लाइनीचं काम सुरू आहे, असं प्रत्येक वेळी कागदावर. काम म्हणजे रस्त्याकडेला टाकलेले चार सिमेंटचे पाइप. त्यांत कुत्री झोपायची. नवी इमारत जुन्याच चेंबरला जोडली होती, आणि हॉलच्या स्वयंपाकघराचा पाइप तर थेट मागच्या घरांच्या उभ्या पाइपात घुसवला होता. सिस्टर महापालिकेत खेटे घालत राहिल्या. तिथे त्यांना बसायला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगायचे. परत येताना माझ्या दुकानात टेकायच्या. एकदा म्हणाल्या, "सिद्धेश्वर, दवाखान्यात मेलेलं माणूस मेलं म्हणून लिहितात तरी. हितं मेलेल्याला बी 'उपचार चालू' लिहित्यात."

लग्नसराई सुरू झाली. हॉलमध्ये रोज लग्न. एका दुपारी सिस्टरांनी मला वर बोलावलं. त्या स्वच्छ घरात, बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी उलटं वर आलं होतं, आणि त्या पाण्यावर तुपाचा तवंग आणि भाताची शितं तरंगत होती. सिस्टर दारात उभ्या होत्या, पदर जिथल्या तिथे. म्हणाल्या, "बघ, कुणाच्या तरी लग्नाचा भात. आमंत्रण न्हवतं आपल्याला, जेवण मातर घरपोच आलं." मग त्यांनी खराटा घेतला. मी हातातून काढून घ्यायला गेलो, तर दिला नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती. सिस्टरांना मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं, म्हणजे खरं तर पाहिलं नाही, खांदे तेवढे दिसले.

प्रज्ञा त्यांना पुण्याला चला म्हणत होती. त्या नाही म्हणाल्या. घर माझं आहे, घाण त्यांची आहे, मी का जाऊ, असं त्यांचं म्हणणं. चेअरमन भेटले की नमस्कार करायच्या, ते नजर चुकवायचे. उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी त्या गोळ्या घ्यायला आल्या नाहीत. मी वर गेलो. शेजारच्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. झोपेतच गेल्या होत्या. घरात साबणाचा वास होता.

पुढच्या बाजूला गिऱ्हाइकांच्या गाड्या लागलेल्या असल्यामुळे शववाहिका पुढून आत येईना, ती मागच्या फाटकाने आणली. म्हणून त्यांना मागच्या फरशीवर, चेंबरपासून दहा-बारा पावलांवर ठेवावं लागलं. हॉलमध्ये त्या दिवशीही लग्न होतं. चेंबर वाहत होतं. पांढऱ्या कपड्यांतले त्यांचे नातेवाईक, दवाखान्यातल्या जुन्या नर्स आणि आमचं सगळं संकुल जमलं. चेअरमन आले. हॉलवर काम होतं म्हणून आलेला धनराजही हार घेऊन आला. आणि संकुलातल्या एकेकाचा हात खिशात गेला, एकेकीचा पदर वर गेला. सिस्टरांच्या भोवती आम्ही सारे नाक झाकून उभे. नर्सबायकांपैकी मात्र एकीनेही नाक झाकलं नव्हतं.

त्रिशरण सुरू व्हायचं होतं. प्रज्ञाने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "रुमाल काढा. पेशंटला कळतं, असं आई म्हणायची."

रुमाल खाली आले. चेअरमनचा आला, धनराजचाही आला. तेवढा वेळ सगळ्यांनी तोच श्वास घेतला, जो सिस्टरांनी त्या घरात इतकी वर्षं घेतला होता. कुणी खोकलं, कुणाला उमासा आला, पण हात कुणी वर नेला नाही. पंचशील झालं, फुलं वाहून झाली, आम्ही त्यांना उचलून गाडीत ठेवलं.

गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा मी मागे पाहिलं. सगळे रुमाल पुन्हा नाकावर गेले होते. धनराज घाईघाईने हॉलकडे चालला होता. तिथे दुसरी पंगत बसायची होती.