मे महिन्यातला पूर

चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ही गोष्ट सांगत होतो तेव्हा शेजारच्या अण्णांच्या नाकातनं चहा आला होता, म्हणून सांगतो.

ठेवला? हां. तर मी एकदा अख्खा वॉटर पार्क रिकामा केला. एकट्यानं! भर मे महिन्यात, रविवारी, टळटळीत दुपारी. पोलिसांना जमणार नाही असं काम तुमच्या ह्या आठवी नापास मित्रानं एका आरोळीत केलं. आता त्यात अक्कल किती होती, ते ऐका आणि तुम्हीच ठरवा.

आमचा दादा थंडीच्या दिवसांत गेला. अपघात झाला. त्यापुढचं मला अजून सांगता येत नाही, तेव्हा विचारू नका.

दादाची पोरगी ईशू, तिसरीत आहे. तिचा आवाज म्हणजे दादाचाच. ह्या बांधावरनं हाक मारली की नदीपलीकडच्या म्हशीनं मान वर करावी! पण दादा गेल्यावर घरात माणसांची रीघ लागली आणि येईल तो पोरीला एकच सांगायचा, "हळू बोल बाळ, आई पडलीया." पोरगी गुणाची. तिनं ऐकलं. इतकं ऐकलं की माणसं आपापल्या घरी गेली, वहिनी उठून कामाला लागल्या, तरी हिचं हळू बोलणं काही सुटेना. सगळं कानात येऊन सांगायची. "काका, भूक लागली." कानात! "काका, मांजर आलंय." तेही कानात!

अहो, कोल्हापुरात कुजबुजणारं पोर? आमच्याकडं माणसं गुपितसुद्धा रस्त्याच्या पलीकडच्याला सांगतात!

दादानं तिला कबूल केलं होतं, उन्हाळ्यात वॉटर पार्कला न्यायचं. एके दिवशी जेवताना मला ते आठवलं आणि मी भाकरी तशीच टाकून उठलो. "उद्या जायचं! सगळ्यांनी!"

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही ईशूला न्या. मी कुठं येऊ आता? माणसं काय म्हणतील?"

"माणसं घामानं निथळाल्यात वहिनी, त्यांना कुठला वेळ?"

माझा हिशेब सरळ होता. घसरगुंडीवरनं येताना माणूस ओरडतोच. शहाणा असो, येडा असो, ओरडतो. तिथं तिला कुणी 'हळू बोल' म्हणणार नाही. एकदा गळा मोकळा झाला की झालं. डॉक्टर नको, देवऋषी नको.

सकाळी माझा छोटा हत्ती टेम्पो काढला. त्यावर मी बाजारात माल पोचवतो. केबिनमध्ये आम्ही चौघं, मी, माझी आई, वहिनी आणि ईशू. ऊन असं, की स्टिअरिंगला हात लावला तर रेषा पुसून जातील. टपावर ओलं गोणपाट टाकलं होतं, ते वेशीपर्यंत जाताना वाळून पापड झालं. आईनं प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला होता, ऊन बाधू नये म्हणून.

पार्कच्या दारात रखवालदार पिशव्या तपासत होता. "बाहेरचं खायला आत चालत न्हाय. हे काय?"

"कांदा हाय," आई म्हणाली.

"तेच म्हणतोय मावशी, खायचं चालत न्हाय."

"खायला कोण आणलाय? उन्हासाठी हाय. तुझ्याबी खिशात एक घाल, तोंड बघ कसं लाल झालंय!"

आणि त्यानं घातला हो! मुकाट्यानं घातला आणि आम्हाला आत सोडलं.

आत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबलो. बाबो! आम्ही नदीकाठची माणसं. आम्हाला पाणी ठाऊक म्हणजे कसलं? म्हशी धुवायचं, नाहीतर घरात शिरायचं. इथं पाणी निळंशार. आभाळातनं अजगरासारखे रंगीत पाइप खाली आलेले आणि त्यातनं माणसं बाहेर पडत होती. विहिरीएवढी बादली वर टांगलेली, ती भरली की आपोआप कलंडायची आणि खालची शंभर माणसं एकदम किंचाळायची. आईनं तर बादलीला हातच जोडले. मला वाटलं, ज्यानं कुणी हे पहिल्यांदा डोक्यात आणलं असेल, त्याला पाण्याची भीती कधी वाटलीच नसेल. कुणाला भिववायचं नाही, काही वाहून न्यायचं नाही. नुसतं हसवायला ठेवलेलं पाणी!

पाण्यात जायला तिथले भाड्याचे कपडे घालावे लागतात. माझ्या मापाचा एकच शर्ट उरला होता. पिवळाधमक. घालून बाहेर आलो आणि लोक मला मान द्यायला लागले.

"पावणं, बाथरूम कुठाय?"

"ओ साहेब, ह्या पोरांना सांगा की, ढकलाल्यात!"

मी सांगितलं. पोरांनी ऐकलं! मला वाटलं, शहरातल्या माणसांना वळण आहे. तिथले जीवरक्षक पण पिवळाच शर्ट घालतात, हे माझ्या नजरेत आलं नव्हतं. हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

ईशूला घेऊन मोठ्या पाइपात बसवलं. मी खाली येऊन थांबलो, कान टवकारून. पाइपातनं एकेक माणूस बोंबलत बाहेर पडत होता. मिशीवाले पैलवान "आई गं!" करत पडत होते. आणि आमचं पोर? टपालपेटीत पत्र पडावं तसं पडलं. तोंड मिटून.

"कसं वाटलं?"

कानाशी आली. "छान."

दुसरी घसरगुंडी. छान. तिसरी. छान. तिला दाखवायला मी मात्र तिच्यामागनं घसरत, ओरडून ओरडून माझाच घसा बसवून घेतला.

दुपार झाली. फरशी अशी तापली की माणसं लंगडीतल्यासारखी उड्या मारत चालली होती. शेवटी आम्ही एका मोठ्या तलावात उतरलो. पोटापर्यंत पाणी, संथ, चिक्कार गर्दी. काठावर आई पाय सोडून बसली. तिच्या शेजारी एक भरभक्कम आजी, शाहूवाडीकडची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून पाय भिजवत होती. दोघींचं लगेच जमलं. वहिनी ईशूचा हात धरून सावलीकडच्या काठाला.

मी पाण्यावर उताणा पडलो. कान पाण्यात, डोळे मिटलेले. सगळा गलका बंद झाला. आणि दादा आठवला. म्हटलं, दादा, तू असतास तर तुला जमलं असतं रे, मला काही जमेना.

आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

आता तुम्ही नदीकाठचे नसाल तर तुम्हाला कळणार नाही. आमच्या गावात नदी धोक्याच्या वर गेली की असाच भोंगा वाजतो. लांबलचक. तो वाजला की विचार करायचा नसतो. आणि गल्लोगल्ली ओरडत पळायचं काम दादाचं. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याचंच. त्याचा आवाज आला की गाव उठायचं.

दादा नव्हता. मग ओरडणार कोण?

मी पाण्यातनं ताडकन उठलो आणि बसलेल्या घशानं जेवढं निघेल तेवढं ओरडलो, "पाणी आलंऽऽ! पाणी सोडलंयऽऽ! वर चला! पोरं उचला!"

मे महिना होता. नदीत गुडघाभर पाणी नव्हतं. सगळं खरं! पण हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही आणि विशेष म्हणजे दुसऱ्या कुणाच्याही आलं नाही. एक तर माझा शर्ट पिवळा. आणि दुसरं, तलावातली अर्धी माणसं आमच्यासारखीच, पुराचं पाणी प्यालेली.

अहो, काय दृश्य होतं! ढकलाढकली नाही, रडारड नाही. न सांगता माणसांची साखळी झाली. ह्याचं पोर त्याच्या हातात, त्याचं पुढच्याच्या. म्हातारी माणसं आधी. बघता बघता तलाव मोकळा! सगळी निघाली त्या सगळ्यात उंच घसरगुंडीच्या मनोऱ्याकडं. पुरात उंचावर जायचं, हे काय शिकवावं लागतं? आई तर सगळ्यांच्या पुढं. खांद्यावर कुणाची तरी पिशवी आणि तोंडानं एकच, "म्हशी सोडल्या का रंऽऽ? दावी काप!"

माझ्या समोर ती शाहूवाडीची आजी. डोंगरातली बाई, तिला पूर काय माहीत? जागची हलेना. मी तिला उचलली.

"अरं मेल्या! कुठं न्हेतोस मला?"

"आजी, पाणी आलंय!"

"मग? पाण्यासाठीच तिकीट काढलंय की!"

"पुराचं, आजी, पुराचं!"

"सोड! माझ्या नातवाला सांगतो, तुझी हाडं मोडंल!"

पायऱ्या चढताना माझीच हाडं मोडायला आली होती. तिचा हात माझ्या पाठीवर आणि तोंड माझ्या सात पिढ्यांवर चाललं होतं. पण सोडली नाही. माथ्यावर जाऊन मग मागं वळून बघितलं.

खाली तो निळा तलाव, एक माणूस नाही. आणि पलीकडच्या भिंतीतनं लाट आली. मग तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. उन्हात चकाकत, एकीमागनं एक, शिस्तीत यायच्या आणि काठावर येऊन विरघळून जायच्या. मी समुद्र बघितलेला नाही. माझ्या आजूबाजूच्या कितीतरी जणांनी बघितला नसणार. सगळी कठड्याला धरून नुसती बघत राहिली. एवढं पाणी चालून आलं आणि कुणाचं काही नेलं नाही! माझ्या अंगावर तेवढ्या उन्हात काटा आला.

मला कानाशी गरम श्वास लागला. ईशू. "काका, ह्या लाटा हायत. भोंगा वाजला की लाटा येतात. खाली पाटीवर लिवलंय."

पाटी मी बघितली होती. पण एवढी मोठी पाटी कोण वाचत बसणार?

खालनं एक टाय लावलेला तरुण मॅनेजर धापा टाकत वर आला. "कुणी केलं हे? कुणी सांगितलं पळायला?"

"तुमच्याच माणसानं! पिवळ्या शर्टवाल्यानं!"

खरे पिवळे शर्टवाले एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मग हळूहळू सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी मधोमध उभा, हातात अजून आजी.

"ठेव की आता खाली," आजी म्हणाली.

ठेवली. मॅनेजरनं मला वरनं खालपर्यंत बघितलं. "गाव कुठलं?"

"नदीकाठ."

त्याचा आवाज एकदम उतरला. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "मी शिरोळचा, आमचंबी गाव पुरातलंच. कामावर पहिल्यांदा हा भोंगा ऐकला तवा मीबी कुंपणापतोर पळत गेलतो."

आता प्रश्न उतरायचा. पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नाही. आजीचे गुडघे पायऱ्यांना तयार नाहीत. म्हणाली, "तू चढवलंस, तूच उतरव." राहिली एकच वाट. घसरगुंडी! आजी पुढं, मी मागं. अंधार, वळण, पाणी आणि पाइपभर घुमणाऱ्या शिव्या! खाली धप्पकन पडलो. मला वाटलं, आता नातू येतो आणि मला धुतो. आजीनं तोंडावरचं पाणी पुसलं, नऊवारी सारखी केली आणि म्हणाली, "चल, परत एकदा."

परत एकदा! मला त्या आजीच्या पायाच पडावंसं वाटलं.

मग आम्ही कॅन्टीनच्या सावलीत ताक पीत बसलो. जाणारा येणारा माझ्याकडं बघून हसत होता. मी मान खाली घातलेली. एवढ्यात कर्णे खरखरले. मॅनेजरचा आवाज.

"सर्व पाहुण्यांना सूचना. आता भोंगा वाजंल. हा लाटांचा भोंगा हाय. धरणाचं दार उघडलेलं न्हाय, नदीला पाणी न्हाय. कुणीही मनोऱ्यावर पळू नये. आणि कुणीही दुसऱ्याच्या आजीला उचलून न्हेऊ नये!"

सगळं कॅन्टीन फुटलं हसून. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. मी घाबरून बघितलं, तर त्या हसत होत्या. शेजारच्या टेबलावरचा एक नवखा गडी विचारत होता, "कोण वो ते येडं? कुणी उचलली आजी?"

मी ताकाचा ग्लास घेऊन हळूच टेबलाखाली सरकलो.

आणि ईशू बाकावर चढली. छातीत हवा भरली आणि अशी ओरडली, अशी ओरडली, की बादलीखालची माणसंसुद्धा वळली. दादाच! दादाचाच आवाज!

"आमच्या काकांनीऽऽ! आमच्या काकांनी उचललीऽऽ!"

कुणी तिला 'हळू बोल' म्हटलं नाही. वहिनींनी तर पदर तोंडावरनं काढला. टेबलाखाली माझे डोळे भरून आले. म्हटलं, झालं, जिंकलो. आता पोरीनं तेवढं गप्प बसावं.

तर ती वाकली, टेबलाखाली बोट दाखवलं आणि त्याच आवाजात म्हणाली, "हितं लपल्यातऽऽ! या, बघायला याऽऽ!"