हसलो की हसले

तेजस्वी जांभेकर बंडखोर होती, दर शुक्रवारी चार ते सहा. सहाला तिचे बाबा गाडी घेऊन यायचे, कारण ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती तीनदा नापास झाली होती.

बंडाची जागा म्हणजे सलमाबादमधलं गनीचाचांचं गॅरेज. शुक्रवारी ते बंद असायचं. चाचांचा कोकणातला पुतण्या उबेद ड्रम बडवायचा आणि तेजस्वी गिटार घेऊन ओरडायची. बँडचं नाव 'मफी'. इथल्या अरबीत मफी म्हणजे नाही. रजा मफी, पार्किंग मफी, पगारवाढ मफी. आखातातल्या या बेटावर उतरलेला माणूस आधी हाच शब्द शिकतो. पंक संगीताला एवढा नकार पुरतो. शिवाय तीन कॉर्ड लागतात. तेजस्वीला अडीच येत होत्या.

दिवसा ती एका विमा कंपनीत क्लेम नाकारल्याची नम्र पत्रं लिहायची. बेचाळीस डिग्रीत कातडी जॅकेट घालायची आणि गाडीत बसल्याबरोबर काढायची. चार वर्षांत तिने चौदा गाणी केली. तेरा इंग्रजीत, सगळी व्यवस्थेविरुद्ध. कोणत्या व्यवस्थेविरुद्ध ते कुठेच म्हटलेलं नव्हतं. व्हिसा दोन-दोन वर्षांचा असतो. ऐकायला वीसेक माणसं यायची. त्यातली निम्मी सगळ्याच गाण्यांना प्रेमगीत समजून डोलायची.

चौदावं गाणं मराठीत होतं. तिची मराठी एकाच तोंडातून आलेली. आई केरळची, सलमानियाच्या सरकारी रुग्णालयात नर्स. ती घरात इंग्रजी बोलायची आणि रागावली की मल्याळम. मराठी बोलायचे ते फक्त बाबा, म्हणजे सदानंद. त्यांचं ऐकून तेजस्वी 'मी जेवलो', 'मी दमलो' म्हणत मोठी झाली. सदानंदना ते आधी गोड वाटलं आणि नंतर ऐकू येईनासं झालं. शाळेतून तिला आणताना ते गाडीत बोलत असायचे. मागच्या सीटवरच्या मुलीशी नव्हे, समोरच्या सिग्नलशी. "आज सर बोलले. मी हसलो."

गाणं असं होतं:

सर चुकले, मी हसलो.
सर ओरडले, मी हसलो.
सर माझ्यावर हसले,
मी पण हसलो.

हे आपल्याला सुचलं असं तिला वाटत होतं. कवींना तसं वाटतंच.

मराठी मंडळाने महाराष्ट्र दिनाला तरुणांचा कार्यक्रम ठेवला. गाणी आधी कागदावर द्यायची होती. मंडळाच्या अरुणाकाकूंनी चष्मा लावून कागद वाचला.

"इश्श! 'हसलो' काय गं? कोल्हापूरची का तू?"

"नो आँटी, मी इथलाच."

"इथलीच! 'हसले' कर ते. स्टेजवर शुद्ध बोलायचं."

गॅरेजात उबेद पोट धरून हसला. "काय गो, काकूनं तुझा पंक एका मात्रेत खलास केलान!"

तेजस्वी भडकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला नाव-पत्ता असलेली व्यवस्था सापडली होती: व्याकरण. एक अक्षर बदलणार नाही, असं तिने जाहीर केलं आणि पाठिंब्यासाठी कागद बाबांपुढे ठेवला.

सदानंदनी तो चहा घेता घेता वाचला. मग पुन्हा वाचला. चहा निवला.

"काकू बरोबर म्हणतायत. 'हसले' कर."

"पण व्हाय, बाबा? ओरडताना जोर जातो."

"खांबेटे सर पहिल्या रांगेत बसणार." सलील खांबेटे मंडळाचे अध्यक्ष होते आणि सदानंदच्या कंपनीचे जनरल मॅनेजरही.

"सो?"

"जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलसाठी त्यांच्याकडे जायचंय. 'हसले' म्हटलंस तर ते तुझं गाणं आहे, तेजू. 'हसलो' म्हटलंस तर..." त्यांनी कागद उलटा ठेवला. "ऑफिसात सगळ्यांना माहितीये कोण हसतं ते."

तेव्हा कुठे कवयित्रीला कळलं की गाणं कुणाचं आहे.

कार्यक्रमाला ती जॅकेट घालून आली. सदानंद तिसऱ्या रांगेत खुर्चीचे हात धरून बसले होते. "सर चुकले!" ती ओरडली. उबेदने ड्रमवर हाणलं. तिने एकदा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"मी हसले."

तिन्ही वेळा हसले. जोर तिन्ही वेळा गेला. अरुणाकाकूंनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

नंतर चहापाशी खांबेट्यांनी बापलेकीला गाठलं. "वा! सदानंद, तुझी मुलगी एवढी ओरडते? म्हणजे घरातला सगळा आवाज ही वापरते. म्हणून तू ऑफिसात मुका!"

सदानंद हसले. बावीस वर्षांचा सराव होता. खांबेटे मग तिच्याकडे बघत थांबले, विनोद सांगून झाल्यावर माणूस थांबतो तसे. जून एका महिन्यावर आला होता. बाबा कपातल्या चहाकडे बघत होते.

परतताना जॅकेट तिच्या मांडीवर होतं. दोन सिग्नल हिरवे मिळाले. तिसऱ्याला गाडी थांबली, तेव्हा ती समोरच्या लाल दिव्याला म्हणाली,

"सर बोलले. मी हसले."

सदानंदना त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.