ओरखडे बघणारा पांडेलिस

पांडेलिसला दिसत नाही हे आमच्या सिंग्रू रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे, हे मात्र पांडेलिसला माहीत नव्हतं.

माझी सिगारेट-पेपरची टपरी बाबिसच्या दुकानाला लागून. बाबिस परदेशी पाहुण्यांना गाड्या भाड्याने देतो. अथेन्सला आलेली माणसं दोन दिवस देवळांचे खांब बघतात, मग समुद्राकडे पळायला त्यांना गाडी लागते. गाडी ताब्यात देताना पाहुण्यासोबत तिच्याभोवती फिरायचं आणि आधीचे ओरखडे कागदावरच्या गाडीच्या चित्रावर फुल्या मारून दाखवायचे, हे पांडेलिसचं काम. तरुणपणी तो गाड्यांचे पत्रे ठोकायचा, त्यामुळे हात शहाणा होता. नजर गेली तसा तो तळव्याने गाडी चाचपायला लागला, घोड्याची पाठ चाचपावी तशी. पाहुण्यांना ते फार आवडायचं. बायका त्याचे फोटो काढायच्या. पण पोचा हाताला लागतो, रंगावरचा ओरखडा लागत नाही.

बाबिसकडची पोरं त्याचा छळ करायची. दुकानाच्या दारात जाहिरातीची एक पुठ्ठ्याची बाई उभी असे. ती एकदा पोरांनी गाडीशेजारी नेऊन ठेवली आणि पांडेलिसने तिला ब्रेकपासून पेट्रोलपर्यंत सगळं समजावून सांगितलं. मी टपरीत पोट धरधरून हसले. होतंच तसं. जुलैत त्याच्या नावाच्या संताचा, आजाऱ्यांना बरं करणाऱ्या पांडेलेइमोनचा, दिवस यायचा. नावाचा दिवस ज्याचा, त्याने सगळ्यांचं तोंड गोड करायचं. पांडेलिस मिठाईचा डबा फिरवायचा आणि पोरं त्याच्या तोंडावर आमच्याकडची जुनी म्हण म्हणायची, "लंगडे-आंधळे सगळे संत पांडेलेइमोनच्या दारी, काय काका?" तोही हसायचा. त्याला वाटायचं, चाललंय ते संताबद्दल.

पेन्शन बसायला त्याच्या कामाचे दोन उन्हाळे कमी पडत होते. बायको गेलेली, घर भाड्याचं, आणि साठी उलटलेल्या माणसाला दुसरं कोण ठेवतं? म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची, असं धरून तो बसला होता.

बाबिस त्याला दयेने ठेवत होता असं तुम्हाला वाटलं असेल. बाबिसला दया ठाऊक असती तर त्याच्याकडे एवढ्या गाड्या नसत्या. पांडेलिसला न दिसलेला ओरखडा कागदावर येत नसे. पाहुणा परत आला की बाबिस स्वतः कमरेवर हात ठेवून उभा राही आणि तोच ओरखडा नवा ठरे. पाहुण्याला विमान गाठायची घाई, कागदावर त्याचीच सही. कोण भांडणार? एका दाराच्या एकाच ओरखड्यासाठी त्याने एका उन्हाळ्यात जर्मनांना, पोलिशांना आणि कॅनडाच्या एका पाद्र्यालाही पैसे भरायला लावले. दुसरा कोणी तपासायला असता तर पाहुण्यांना वास आला असता. या म्हाताऱ्याच्या तोंडावर लबाडी नव्हती, कारण ती पोटातच नव्हती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसला प्रकार.

शेवटी त्याच्या मुलीने, डेस्पिनाने, ऑपरेशनसाठी त्याचं नाव लावलं. हंगाम संपल्यावर त्याने बाबिसला सांगितलं, गावी ऑलिव्ह उतरवायला जातो. ईस्टरच्या आधी परत आला तो थेट माझ्या टपरीसमोर उभा राहिला आणि मला न्याहाळायला लागला.

"फोतिनी, तू म्हातारी झालीस गं."

"अस्सं? ऑलिव्ह काढायला गेला होतास की मोतीबिंदू?"

तो लहान मुलासारखा हसला. "कोणाला बोलू नकोस. आता पेन्शनपर्यंत घोर नाही. काम कसं करतात ते आता बाबिसला दाखवतो."

पुढे काय होणार ते मला दिसत होतं. पण मला म्हातारी म्हणाला होता. म्हटलं, दाखव की.

पहिलीच गाडी एका डच जोडप्याची. पांडेलिसने दाराखालचा, आरशामागचा, डिकीच्या कडेचा, एकेक ओरखडा बोट ठेवून दाखवला. चित्रावर फुल्याच फुल्या झाल्या. जोडपं खुशीत निघून गेलं आणि बाबिस कागद घेऊन बाहेर आला.

"काका, हे काय?"

"ओरखडे. डोळ्यांत तेल घालून बघितलेत. एक सुटलेला नाही."

"डोळे करून आलात वाटतं."

पांडेलिस लाजला. "तुला कसं कळलं?"

"इथल्या मांजरांनासुद्धा माहीत होतं, काका," एक पोरगा म्हणाला, आणि सगळे हसले.

"मग मला ठेवलंस कसं रे इतकी वर्षं?" मूर्खाला वाटलं, बाबिसने माणुसकी केली.

"दिसत नव्हतं म्हणूनच ठेवलं. बघणारे मला ढिगाने मिळतात, न बघणारा कुठून आणू? ज्या ओरखड्यावर माझं दुकान चालतं त्याच्यावर तुम्ही आज फुली मारलीत."

समजायला त्याला वेळ लागला. मग त्याने पोरांकडे एकेक करून पाहिलं, आणि माझ्याकडे. आता त्याला आमचे चेहरे दिसत होते. मी सिगारेटची पाकिटं लावायला घेतली.

"उद्यापासून येऊ नका," बाबिस म्हणाला.

"दोन उन्हाळे, बाबिस. दोनच राहिलेत." त्याने बाबिसची बाही धरली. "मी नाही बघणार. दिसलं तरी नाही बघणार."

"नाही जमायचं तुम्हाला. तुम्ही साधे."

"एक गाडी देऊन बघ."

बाबिसला तमाशा आवडतो. दुपारी एक आयरिश बाई आली. नवऱ्याला पायी चालवत नव्हतं म्हणून तिला गाडी हवी होती. पांडेलिस पूर्वीसारखा तळवा फिरवत गाडीभोवती फिरला. डाव्या दारावरचा ओरखडा मला टपरीतून दिसत होता. त्याचा हात त्यावर थांबला. मग पुढे सरकला. कागद कोरा राहिला. बाईने सही केली आणि त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला.

ती गाडी परत करायला आली तेव्हा बाबिसने पांडेलिसलाच पुढे केलं. ओरखडा बघून बाई गोंधळली.

"आजोबा, तुम्हीच तपासली होती ना? तुम्ही सांगा यांना."

गाडीत बसलेला नवरा काचेतून बघत होता. पांडेलिसने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बाईकडे. उन्हाने सोललेलं तिचं नाक, भरत आलेले डोळे, सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं.

"तेव्हा नव्हता," तो म्हणाला.

दोन्ही उन्हाळे त्याने भरले. त्या दिवसापासून पोरं त्याला मानाने वागवायला लागली.