पार्ट टूमधला पागवाला

आधीच सांगून टाकते — भुतंखेतं, जिन, करणी, असर, ह्यातलं मी काहीही मानत नाही. महाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढायचं, बाटल्यांवर लेबलं चिकटवायची आणि मशीन जो आकडा दाखवेल तो मान्य करायचा, एवढाच आमचा कारभार. आमच्या मोहल्ल्यात कुणाला ताप आला की लोक आधी फुंकर मारून घेतात आणि मग माझ्याकडे येतात. मी त्यांना तोंडावर सांगते, आधी माझ्याकडे या, फुंकर नंतर. ह्या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी हसते. आता हसायची पाळी तुमची... खुशाल हसा.

आणि हो, माझ्या अनुभवात ओसाड बंगला नाही, पिंपळ नाही, अमावस्या नाही. व्हिडिओ गेम आहे. भर दुपार आहे आणि आतल्या खोलीत अम्मा तांदळाच्या भाकऱ्या थापतेय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं घर महाडच्या बाजारपेठेच्या मागे. अब्बा हायवेवर ट्रक चालवायचे, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही तिघंच — अम्मा, मी आणि माझा मोठा भाऊ अल्ताफ. मी त्याला भाई म्हणायची. माझे मामू कुवेतला होते. ते एकदा सुट्टीवर येताना टीव्हीला लावायचा गेम घेऊन आले, सोबत एक फायटिंगची कॅसेट. कॅसेट म्हणजे त्या गेममध्ये वरून खोचायची ती जाड डबी. झालं! तेव्हापासून आमच्या घरात दुपारची झोप बंद झाली.

त्या पहिल्या पार्टमध्ये आठ फायटर होते. नावं जपानी, कुणाला वाचता येणार? आम्हीच बारसं केलं. पंखा घेऊन लढणारी बाई ती मावशी. गणवेशातला जाडा, शिट्टी फुंकणारा, तो डेपो मॅनेजर. सगळ्यात शेवटी जो यायचा तो कलेक्टर, कारण त्याच्यापर्यंत पोचायचं तर खालच्या सगळ्यांना भेटावं लागायचं. आणि एक होता जाळंवाला. लुंगीसारखं काहीतरी गुंडाळलेला, उघडाबंब, गोल जाळं फेकून समोरच्याला अडकवायचा. तो आमचा पागवाला. तुडीलला, आमच्या आजोळी, सावित्री नदीत असंच पाग टाकतात. भाई ते मामूंकडून शिकला होता, त्यामुळे पागवाला त्याचाच, ह्यावर त्याचा ठाम दावा. माझाही होता. ह्यावरून आमची खरीखुरी मारामारी व्हायची, कारण पहिल्या पार्टमध्ये दोघांना एकच फायटर घेता यायचा नाही.

हा पागवाला जिंकला की जाळं खांद्यावर टाकायचा, हात वर करायचा आणि जपानीत काहीतरी ओरडायचा. आम्हाला ते ऐकू यायचं — "येतो गो!"

हसून हसून पुरेवाट व्हायची. त्यात आमच्या अम्माची एक सवय. घरातून कुणी बाहेर पडताना "जातो" म्हटलेलं तिला खपायचं नाही. पोस्टमन जरी "चला, जातो" म्हणाला तरी ती आतून ओरडायची, "जातो नाय म्हणू रे, येतो म्हण!" मग भाई शाळेला निघताना दप्तर खांद्यावर टाकून, हात वर करून पागवाल्याच्या आवाजात म्हणायचा, "येतो गो!" आणि अम्मा आतून, "ये रे बाबा." तिला बिचारीला गेममधलं काही ठाऊक नव्हतं. पोरगा वळणावर आला, एवढंच तिला वाटायचं.

पुढे एका पावसाळ्यात बाजारात पुराचं पाणी शिरलं. गेम माळ्यावर होता म्हणून वाचला, कॅसेट खाली कपाटात होती. सुकवली, पुसली, फुंकरा मारल्या... गेली ती गेलीच. हे मुद्दाम सांगतेय, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मी चुकून जुनी कॅसेट लावली असेल.

भाई बारावीनंतर मामूंच्या ओळखीनं कुवेतला बांधकामाच्या कामावर गेला. निघताना दारात त्यानं तेच केलं, बॅग खांद्यावर, हात वर. अम्मा रडत होती, तरी हसली. दोन वर्षांनी तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं अम्मासाठी मिक्सर आणला, अब्बांसाठी घड्याळ आणि माझ्यासाठी त्याच गेमचा पार्ट टू.

काय कौतुक त्याचं! फायटर दुप्पट. रंग असे की आमचा जुना टीव्ही नवा वाटायला लागला. मागे बाजार, घाट, बोटी, बघ्यांची गर्दी, आणि ती गर्दी हलायची, टाळ्या वाजवायची. नवे डाव इतके की बोटांना फोड आले. आणि सगळ्यात मोठी सोय — आता दोघांना एकच फायटर घेता यायचा, फक्त कपड्यांचा रंग वेगळा. म्हणजे आमचं कायमचं भांडण त्या जपानी लोकांनी मिटवून टाकलं होतं.

फक्त... पार्ट टूमध्ये पागवालाच नव्हता.

भाईनं ती यादी पुन्हा पुन्हा खालीवर केली. नाहीच. "अरे, असं कसं? सगळे हायत आणि हाच नाय?" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग आम्हाला बाकीचीही खोट दिसायला लागली. मुक्का लागला तरी लागल्यासारखा वाटायचा नाही, कापसाला मारल्यासारखं. मावशीचा पंखा बोथट करून टाकला होता. कलेक्टर तर सरळसरळ चोर. तुम्ही बटण दाबायच्या आत तो अडवून मोकळा. आणि एवढं करून जिंकलात तर पहिल्या पार्टमध्ये प्रत्येकाची वेगळी गोष्ट दाखवायचे, ह्यात सगळ्यांना मिळून एकच चित्र. मावळता सूर्य आणि खाली नावं. भाई म्हणाला, "दुकान मोठं केलान, पन माल पातळ." मला मात्र तो गेम तरीही आवडायचा. आजही कुणी नावं ठेवली तर मी भांडायला उठते. भाई घरी होता, शेजारी बसला होता, त्या महिन्यात कुठलाही गेम चांगलाच असणार.

पोलादपूरच्या स्टँडजवळ एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथून भाई एक खबर घेऊन आला. म्हणे, पार्ट टूमध्ये पागवाला लपवलेला आहे. एकही राउंड न हरता वरपर्यंत गेलात की कलेक्टरच्या जागी तो येतो. मी म्हटलं, "थापा मारतात रे. असं काय नसतं." त्यानं सबंध सुट्टी त्यात घातली. नाही जमलं. कुठेतरी एक राउंड जायचाच.

परत जाताना तो म्हणाला, "तू खेळत राहा. तो आला की मला सांग. पुढच्या वर्षी मी कायमचाच येतोय, तेव्हा दोघं घेऊ त्याला. तू लाल, मी निळा." महाडला एसटी डेपोसमोर मोबाइलचं दुकान टाकायचं त्याच्या डोक्यात होतं. अम्मा तर त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. तिला दुकानाशी काही देणंघेणं नव्हतं, पोरगा घरी जेवायला हवा होता.

तो शुक्रवारी फोन करायचा. पहिला प्रश्न अम्माला, तब्येत कशी. दुसरा मला, "आला काय?" मी म्हणायची, "नाय आला." मग तो खोटं खोटं उसासायचा. माझं कॉलेज सुटलं की मी त्या एका वाक्यासाठी खेळायची. 'आला' असं सांगितल्यावर तो कुवेतमध्ये कसा ओरडेल, ते मला ऐकायचं होतं.

आणि एका दुपारी जमलं.

मावशी घेतली होती. डेपो मॅनेजर सुद्धा पहिल्या फटक्यात आडवा. एकही राउंड गेला नव्हता. कलेक्टरचा दरबार आला, मागची ती लाल गर्दी... आणि समोर पागवाला उभा.

मी किंचाळलेच. आनंदानं! हे लिहिताना सगळ्यात जास्त तेच टोचतं. भीती वगैरे काही वाटली नाही. भाईला काय सांगू आणि कसं सांगू, एवढंच डोक्यात. तो पहिल्या पार्टमधल्यासारखाच होता. बुटका, थोडा फिकट, पार्ट टूच्या झगमगाटात अगदी गरीब दिसत होता. मला त्याला मारवेना. त्यानंही मारलं नाही. जाळं हातात धरून नुसता उभा. वरचा टाइम संपत आला, संपला. मग त्यानं जाळं गोळा करून खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे पाठ केली. त्या गेममध्ये कुणीही, कधीही पाठ करत नाही. हात वर केला आणि म्हणाला —

"जातो गो."

आवाज मोठा नव्हता. शब्द स्पष्ट होते.

आणि आतून अम्मा, भाकरी थापता थापता, नेहमीसारखी — "जातो नाय म्हणू रे, येतो म्हण!"

तेवढ्यात लाइट गेली. टीव्ही बंद. आमच्याकडे लाइट जाणं काही नवीन नाही, त्यामुळे त्यात मी काही शोधत नाही. अम्मा पिठाचे हात घेऊन बाहेर आली. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कोन होता गो?"

"कोन नाय अम्मा, गेममधला मानूस."

"आपला वाटला," म्हणाली आणि आत गेली. तव्यावर भाकरी होती.

मी शुक्रवारची वाट बघत बसले. वाक्य पाठ करून ठेवलं होतं, आधी नेहमीसारखं 'नाय आला' म्हणायचं, जरा थांबायचं आणि मग 'आला!' शुक्रवार यायच्या आतच मामूंचा फोन आला. अब्बांनी घेतला. साइटवर परांची कोसळली होती, म्हणजे ती उंचावर काम करायची माची. भाई वर होता. मी मामूंना नंतर विचारलं, कधी? ते म्हणाले, दुपारच्या जेवणाच्या थोडं आधी. तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणजे इथली भर दुपार. दिवस तर फोनवरच कळला होता, पागवाला आला तोच. त्याला तिकडेच दफन केलं. आमच्यापैकी कुणालाही त्याचं तोंड बघता आलं नाही.

पागवाला आला, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.

ह्यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, कारण मीच ते सगळं स्वतःला म्हणून झालंय. योगायोग. पोरीला भावाची आठवण येत होती, तिला भास झाला. नंतर दुःखात आठवणी सरकल्या असतील. ठीक आहे. पुढे इंटरनेट आल्यावर मी शोध घेतला. त्या गेमचे वेडे जगभर आहेत, त्यांनी पार्ट टूची कॅसेट उसवून आतलं चित्र न् चित्र, आवाज न् आवाज बाहेर काढून ठेवलाय. त्यात पागवाला नाही. लपवलेला नाही, अर्धवट टाकलेला नाही, कुठेच नाही. पोलादपूरची ती खबर थापच होती. मी नंतर कितीदा तरी न हरता वरपर्यंत गेले. दर वेळी कलेक्टर.

माझा भास मी मान्य करीन हो. पण अम्माचं काय करू? ती तर चुलीपाशी होती. तिनं टीव्हीकडे बघितलंही नव्हतं. तिनं आवाज ऐकला आणि उत्तर दिलं.

तो आवाज कुणाचा होता, हे तिला कळलं मामूंचा फोन आला त्याच रात्री. कुणी सांगितलं नाही, तिचं तिनंच जोडलं. रडायचं थांबून एकदम म्हणाली, "मी टोकला गो त्याला. मरताना भेटायला आला पोरगा, आनि मी त्याला कसं बोलायचं ते शिकवीत बसली." कितीही समजावलं तरी ते तिच्या मनातून गेलं नाही. सूर्याचं चित्र, नावं, गर्दी, ह्यातलं काही तिला माहीत नाही. तिला फक्त एक गोष्ट कळायला हवी होती. "मी टोकल्यावर तो काय म्हनाला? तू तिथंच व्हतीस."

काही म्हणाला नाही. लाइट गेली होती. पण हे मी तिला कसं सांगणार? मी सांगितलं, "'येतो' म्हनाला, अम्मा. तुझं ऐकलान त्यानं." तेव्हा कुठे ती त्या दिवशी पाणी प्यायली. मला वाटलं, बरं केलं.

आता अम्मा खूप थकलीय. काल काय जेवली ते आठवत नाही, अब्बा गेले हेही कधीकधी विसरते. ती दुपार मात्र पक्की आहे. आठवड्यातून एकदा तरी विचारते, तो काय म्हणाला, आणि मी तेच उत्तर देते. पूर्वी तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं. हल्ली दाराकडे बघत राहते आणि मग मला विचारते, "येतो म्हनाला ना? मग अजून आला कसा नाय गो?"

तिला काय सांगू, हे कुणाला सुचत असेल तर कृपा करून सांगा. पागवाल्याचा उलगडा नाही झाला तरी चालेल.