यंदाच्या दिवाळीत राखलेलं एक जळमट

गेल्या शुक्रवारी दिवाळीची साफसफाई काढली... इथेच दोह्यात, अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटमध्ये. लांब काठीला जुन्या बनियनचं फडकं बांधून छताचे कोपरे झाडत होते आणि तोंडाने रामरक्षा चालू होती.

हॉलच्या खिडकीत पडद्याआड काहीतरी लोंबताना दिसलं. गोल कडं, मधे जाळं, खाली पिसं... आणि तेही देवघराच्या बरोब्बर समोर! काठी फिरवली, खलास. थेट केराच्या सुपलीत.

शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी, हे घरीच होते. धावत आले. "अगं, जळमट नाही ते! ड्रीमकॅचर आहे! ऑफिसमधला एक जण कायमचा मायदेशी गेला, जाताना आठवण म्हणून देऊन गेला मला."

मी म्हटलं, "देवासमोर कोळ्याचं जाळं? लक्ष्मी दारातूनच परत जायची."

"लक्ष्मी इथवर येईलच कशी, सगळे रस्ते वर्ल्ड कपसाठी खणून ठेवलेत..." हे पुटपुटले आणि सुपलीतून ते उचलून पिसं झटकत बसले.

खरं सांगू का, माझं मन त्या दिवशी थाऱ्यावरच नव्हतं. आमची एकुलती एक लेक मृण्मयी कॅनडात विनिपेगला असते. तिची छकुली चार महिन्यांची झाली, आणि मी अजून तिला मांडीवर घेतलेलं नाही.

बाळंतपणाला जायचं ठरलं होतं. डिंकाचे लाडू, दुपटी, टोपडी... बॅगसुद्धा भरली होती. पण हे स्टेडियमच्या एसीच्या कामावर, सगळ्यांच्याच सुट्ट्या रद्द झाल्या. दोनदा विमान बदलून एकटीने जायचं तर माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं... धीर झाला नाही.

मग म्हटलं, तीच येऊ दे बाळाला घेऊन. तर ही फुटबॉलची स्पर्धा संपेपर्यंत पाहुण्यांचे व्हिसा बंद. मॅचचं तिकीट असेल तरच या म्हणे... आता चार महिन्यांचं बाळ कुठली मॅच बघणार? समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर दिवस मोजायचं मोठं घड्याळ लावलंय, सगळीकडे झेंडे फडकतायत. अख्खं जग दोह्यात यायला निघालंय... माझी छकुली तेवढी येऊ शकत नाही.

चहाच्या वेळी मृण्मयीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे नुकतं उजाडत होतं. ह्यांनी लगेच चहाडी केली, "तुझ्या आईने आज ड्रीमकॅचर झाडून टाकला, जळमट म्हणून!"

ती हसत सुटली. मग म्हणाली, "आई, थांब, हे बघ." तिने फोन पाळण्याकडे वळवला. वर तसंच एक कडं टांगलेलं... पण लहानसं, जरा वाकडं. ओल्या काटकीला वाक देऊन केलेलं, आत लाल दोऱ्याचं जाळं.

तिच्या शेजारी एक आजी राहतात, ओजिब्वे लोकांपैकी. ते त्या भूमीचे मूळचे रहिवासी. बाळाची आजी येऊ शकली नाही हे कळल्यावर त्यांनी ते स्वतःच्या हाताने विणून आणून दिलं होतं.

त्यांच्यात अशी समजूत आहे म्हणे, की जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या रूपातली एक देवी-आई सगळ्या लेकरांना सांभाळायची. पुढे माणसं लांबलांब पांगली आणि तिला प्रत्येक पाळण्यापर्यंत पोचणं जमेना. मग घरोघरच्या आया-आज्या तिच्या वतीने जाळं विणायला लागल्या. वाईट स्वप्न त्यात अडकतं आणि सकाळचं ऊन पडलं की विरून जातं. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे नंतरचे... शोभेचे.

"आणि आई, त्यांच्या भाषेत ह्याचं नाव काय आहे माहितीये? ड्रीमकॅचर नाही काही... त्याचा अर्थ नुसता 'कोळी'! म्हणजे तू अगदीच चुकली नव्हतीस."

ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण मला हसू येईना. पोचणं जमेना... हे दोनच शब्द मनात घोळत राहिले. एवढी ती देवी, तिलाही लांबचं लेकरू गाठता येईना... आणि मी चार महिने स्वतःलाच बोल लावत बसलेय.

तेवढ्यात तिकडे ऊन वर आलं. जाळ्यातून छकुलीच्या गालावर बारीक बारीक ठिपके पडले. ती झोपेतच हसली.

सफाई दुसऱ्या दिवशी पुरी केली. बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर, कोपऱ्यात एका कोळ्याने जाळं केलं होतं. काठी वर नेली... आणि खाली घेतली.

ह्यांनी पाहिलं. "अगं, आणि लक्ष्मी?"

"येईल हो ती. तिला काय, सगळ्या वाटा ठाऊक..."

काल लक्ष्मीपूजनाला एक पणती जास्तीची लावली, बाल्कनीत, त्या कोपऱ्याखाली. विनिपेगच्या त्या आजींचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही... पण माझ्या आधी माझ्या नातीपर्यंत पोचलेल्या त्या हातांना माझा नमस्कार.