परशरामचं पुसणं

परशराम पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा त्याने फाटक कोपराने ढकललं. दोन्ही हात छातीपाशी धरलेले, बोटं पसरलेली, नुकती मेंदी लावल्यासारखी. पायरीखाली उभा राहून म्हणाला, "अक्का, स्वल्प पाणी मिळंल काय? हात धुवायचं हाय. साबण वासाचा नको." मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "जॉइंटर का रे तू?" आवाज माझ्या बाबांचा होता. त्या आठवड्यात बाबा पहिल्यांदाच आपणहून काही बोलले होते, आणि तेही माझ्याशी नाही.

आडपडदा न ठेवता सांगते, मला परशरामचा हेवा वाटायचा. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसले तरी तो हेवा मधेमधे डोकं वर काढतोच. तेव्हा वाचणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

आई गेल्यावर मी बाबांना सोलापूरहून बेंगळुरूला आणलं. राजाजीनगरातलं आमचं भाड्याचं घर तळमजल्यावर, पुढे छोटासा व्हरांडा, समोर झाडांचा रस्ता. मला वाटलं, रमतील. पण बाबा खुर्चीत बसून राहायचे. "हो", "नको", "राहू दे" या तीन शब्दांत त्यांचा दिवस उरकायचा. मी टीव्हीवर मराठी वाहिन्या लावून दिल्या, बागेत नेलं, महाराष्ट्र मंडळात नेलं. तिथून परत येताना ते म्हणाले, "वंदे, मला सोलापूरला सोड." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एकट्याने राहायला. त्यांची बॅग त्यांनी अजून रिकामी केली नव्हती. कपडे त्यातूनच काढायचे आणि त्यातच ठेवायचे. एक दिवस ती बॅग उचलून हा माणूस जाईल आणि मला त्याच्याबद्दल काहीच कळलेलं नसेल, ही भीती घेऊन मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसला जात होते.

त्यात रस्ता खणला. दोन सबस्टेशनं जोडणारी मोठी केबल आमच्या रस्त्याखालून जाणार होती. आधी आडोशाचे पत्रे आले, मग यंत्र आलं, मग फाटकासमोर खंदक आणि त्यावर लोखंडी प्लेट. तिच्यावरून चाललं की अख्ख्या गल्लीला कळायचं, कोण घरी आलं ते. कॅब कोपऱ्यावरच सोडून द्यायची. एकदा पाण्याची नळी फुटली आणि दोन दिवस सगळी गल्ली बादल्या घेऊन फिरली. आणि धूळ! दिवसातून दोनदा फरशी पुसायची, खिडक्या पुसायच्या, देव पुसायचे, तरी संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता यावं इतकी. आमच्या फाटकापासून दहा पावलांवर एक लांबरुंद खड्डा होता. केबलची दोन टोकं तिथे येऊन जोडली जाणार होती, आणि तो जोड करणारा माणूस म्हणजे परशराम.

तो खानापूरकडचा. पन्नाशीचा, बुटका, डोक्यावर हेल्मेटच्या आत कायम एक पांढरा रुमाल. मराठी आणि कन्नड अशी बोलायचा की कुठली कुठे संपली ते कळू नये. गल्लीतले लोक खड्ड्यावर भांडायला यायचे आणि त्याच्याशी गप्पा मारून परत जायचे. आमच्या घरमालकीण शारदम्मा वरच्या मजल्यावर राहतात. त्या तावातावाने खाली आल्या, तर हा हात जोडून म्हणाला, "अम्मा, इन्नु एरडु दिन." अजून दोनच दिवस. दोनाचे वीस झाले, पण शारदम्मा रोज सकाळी त्याला स्वतःच्या स्टीलच्या लोट्यातून फिल्टर कॉफी पाठवू लागल्या. सहा वर्षं मी त्या घरात राहते, वेळेवर भाडं देते, सणाला पुरणपोळ्या देते. मला त्या लोट्याचं अजून दर्शन झालेलं नाही.

पण लोट्याचं सोडा. माझे बाबा त्याने पळवले.

बाबा वीज मंडळात केबल जॉइंटर होते. मला हे माहीत होतं, म्हणजे शब्द माहीत होता. लग्नाच्या वेळी सासरच्यांना मी "वीज मंडळात होते" इतकंच सांगितलं आणि जॉइंटर हा शब्द गिळला. परशरामने तो शब्द माझ्या व्हरांड्यातून उचलला आणि डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो बाबांना "वस्ताद" म्हणू लागला. खड्ड्याच्या कडेला पत्र्याच्या आत एक प्लास्टिकची खुर्ची आली, बाबांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट आलं. सकाळी दहाला ते ऑफिसला निघाल्यासारखे निघायचे. घरात तीन शब्दांवर भागवणारा माणूस तिथे हातवारे करकरून बोलायचा. घरून काम असेल त्या दिवशी मी खिडकीतून बघायची. आवाज यायचा नाही, फक्त हात दिसायचे.

जेवताना मी विचारायची, "काय बोलत होतात एवढं?"

"काही नाही. कामाचं."

मग मला परशरामकडून कळायचं. तो प्लेटवरून मला हाताला धरून पलीकडे नेता नेता सांगायचा, "वस्तादांच्या टायमाला कागदाची केबल, वरनं शिश्याची नळी. वितळल्यालं शिसं वतायचं आन् चरबी लावल्याल्या फडक्यानं गरम हाय तोवर पुसून पुसून गोल आणायचं. असलं पुसणारं हात आता कुठं ऱ्हायलेत, अक्का? आमचं पुसणं सोपं." त्याचं सोपं पुसणंही त्याने मला दाखवलं होतं. केबलचं वरचं साल काढलं की आतला भाग पुसायचा तो एकाच दिशेनं. एक फडकं एकदाच. "उलटं फिरवलं की घाण आत गेलीच म्हणून समजा," तो म्हणायचा. केबलचं काम हातात असलं की तो कुणाशी हात मिळवायचा नाही, फाटकं कोपराने उघडायचा, कॉफीचा लोटाही कागदात धरायचा. आणि एक वाक्य दिवसातून चारदा म्हणायचा, "उघडल्यालं मिटवूनच उठायचं." माझ्या वडिलांचं तरुणपण मी एका परक्या माणसाकडून, रस्ता ओलांडताना, तुकड्या-तुकड्यांनी ऐकत होते. आणि प्रत्येक तुकड्याला तो कौतुकाने विचारायचा, "हे तुमास्नी ठावं असंल की?" मी मान डोलवायची. मला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

जोड करायचा दिवस ठरला. खड्ड्यावर बंद तंबू चढला, आत गार हवेचं यंत्र बसलं, तंबूला एक पारदर्शक खिडकी. परशरामने बाबांना कबूल केलं होतं, वस्तादांनी खिडकीशी बसून सगळा जोड बघायचा, आणि चूक दिसली तर काचेवर टकटक करायची. आदल्या दिवशी बाबांनी दाढी केली. मला म्हणाले, "उद्या डबा दे. दुपारी यायला जमणार नाही." माझ्या नव्या नोकरीच्या दिवशी, माझ्या लग्नात, मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

मी काय केलं ते सांगते. पत्र्यावर तक्रारीसाठी एक नंबर लिहिलेला होता. मी तो फिरवला आणि म्हणाले, तुमची माणसं एका म्हाताऱ्याला खड्ड्याच्या कडेला बसवतात, पडला तर जबाबदार कोण? त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण फोन मी खड्ड्यामुळे केला नव्हता.

सकाळी दहाला डबा घेऊन निघालेले बाबा पाच मिनिटांत परत आले. सुरक्षेचा साहेब आला होता, त्याने आत सोडलं नाही. बाबांनी डबा ओट्यावर ठेवला, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि खुर्चीत बसले. तीन शब्दांतला "हो"देखील गेला. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, त्यांनी बॅगेची चेन लावली होती.

जोड चार दिवस चालला. परशराम तंबूतून फक्त मान खाली घालून यायचा-जायचा. पाचव्या दिवशी तो आला, आणि फाटक हाताने उघडलं. बाबा आत झोपले होते. मी ओलं फडकं घेऊन व्हरांड्याचा कठडा पुसत होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "फोन मी केला होता."

"ठावं हाय की," तो म्हणाला. "बरोबरच केलासा. म्हातारं माणूस, पाय घसरला असता. चूक माझीच."

एवढा चांगुलपणा मला सोसवेना. भांडला असता तर बरं झालं असतं. मी चिडूनच विचारलं, "परशराम, ते माझे वडील आहेत. चाळीस वर्षांच्या गोष्टी ते तुम्हाला महिन्याभरात सांगतात आणि मला एक सांगत नाहीत. का?"

त्याने हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "तुमी कदी पुसलासा न्हाई, अक्का."

माझ्या हातात फडकं होतं. माझा तोल गेला. "दिवसातून दोनदा पुसते मी! फरशी, खिडक्या, सगळं! तुमच्या खड्ड्याची धूळ महिनाभर मीच पुसतेय आणि तुम्ही मला सांगता पुसलं नाही?"

परशराम आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा हसावं की नाही असा झाला. "तसलं पुसणं न्हवं ओ. आमच्याकडं पुसणं म्हंजी इचारणं. 'काय बोललासा' हे तुमी इचारतासा, म्हनत हुते वस्ताद. 'कसं करत हुतासा' हे कुणी पुसावं?"

मी फडकं कठड्यावर टाकलं. लाज वाटली आणि, खोटं कशाला बोलू, त्या लाजेतही हेवा होताच. एवढी साधी गोष्ट त्याला माहीत होती आणि मला नव्हती.

आठवड्याभरात तंबू उतरला, खड्डा बुजला, वर डांबर पडलं. परशरामचा पुढचा खड्डा व्हाइटफील्डकडे होता. जाण्याआधी तो बाबांना घरातून घेऊन गेला, नव्या डांबरावर उभं केलं आणि म्हणाला, "वस्ताद, बरोबर तुमच्या पायाखाली हाय बगा." बाबा तिथे बराच वेळ उभे होते. मग परशराम त्यांच्या पाया पडला. शारदम्मांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "येतो अक्का. वस्तादांचं उघडल्यालं हाय, मिटवूनच उठा." मला वाटलं, हा आता शहाणपणा शिकवतोय. त्यानंतर तो मला भेटलेला नाही.

त्याच दुपारी मी बाबांच्या खुर्चीसमोर खाली फरशीवर बसले. काय विचारावं सुचेना. शेवटी म्हणाले, "बाबा, जोड अर्धा झालेला असताना घरून निरोप आला तर काय करायचात?"

मला वाटलं, बाबा आता "राहू दे" म्हणणार.

"येता यायचं नाही," ते म्हणाले. "कागदाची केबल. उघडी टाकली की हवेतली ओल पिते, मग सगळं वाया. तू झालीस तेव्हा मी खड्ड्यात होतो. सकाळी निरोप आला. जोड मिटवून दवाखान्यात पोचलो तोवर दुसरा दिवस उजाडलेला."

हे मला माहीत होतं, पण आईकडून, उलट्या बाजूने. तुझ्या बापाला तेव्हाही काम मोठं होतं, असं ती म्हणायची, आणि मी तेच धरून मोठी झाले होते.

"आईने तुला पुढे केलं," बाबा म्हणाले. "मी घेतलं नाही. तिला राग आला, तो शेवटपर्यंत गेला नाही. पण हाताला शिसं होतं गं. कुणी तरी सांगितलं होतं, ते लेकराच्या अंगात जातं. दवाखान्याच्या नळावर तासभर हात धूत होतो, धोतराला पुसत होतो. वास जाईना. आठ दिवस रजा टाकली, खड्ड्यात उतरलो नाही. नवव्या दिवशी तुला घेतलं."

त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, अजून काही राहिलंय का ते बघावं तसे. मी ते हात धरले. बाहेर नव्या डांबरावरून एक रिक्षा खडखडाट न करता गेली.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "हे परशरामला नाही सांगितलं हं."