खाकीवर निशिगंध

"बाईचा स्वभाव कसा आहे?" चिखलीच्या दुकानदारानं मला विचारलं.

मी बहिणीसाठी सेंटची बाटली घ्यायला गेले होते, स्थळ सुचवायला नाही. पण त्याचं म्हणणं, सेंट स्वभाव बघून द्यावा लागतो. मी फळीवरच्या एका बाटलीकडे बोट दाखवलं तशी तो म्हणाला, "हा व्हाइट फ्लोरल. मोगरा, निशिगंध, चमेली, सगळी पांढरी फुलं. सोबर लेडीज नेतात. शाळेच्या मॅडम, डॉक्टरीणबाई. शांत, कमी बोलणाऱ्या." मग बहीण काय करते ते विचारलं. एसटीत कंडक्टर आहे म्हटल्यावर त्याचा बाटलीकडे गेलेला हात मागे आला. खालच्या फळीवरून त्यानं दुसराच डबा काढला. "मग हा न्या. घामावर चालते."

मी पत्रकं लिहिते. बायकांच्या प्रश्नांवरची, चौकात वाटायची. एका पानात तोंडावर सांगून मोकळं व्हायचं, ही सवय हाडात गेली आहे. तिथंच सुरू झाले. पांढरी फुलं शांत असतात हे कोणी ठरवलं? निशिगंधाची एक काडी घरात ठेवून बघा, शेजारच्या घरात कळतं. त्या फुलांना रंग नाही, उमलतात अंधारात, म्हणून मी इथं आहे हे त्यांना वासानंच ओरडून सांगावं लागतं. ही कमी बोलणाऱ्या बाईची फुलं आहेत होय? आणि पांढरा रंग सोबर असेल तुमच्याकडे. आमच्या बौद्ध घरांत नवरी पांढरी साडी नेसते. तो आमचा मांडवातला रंग आहे.

"मॅडम, पटत असंल तर न्या, नाही तर राहू द्या," तो म्हणाला. मी ती पांढऱ्या फुलांचीच बाटली नेली.

माझी बहीण, म्हणजे ताई, तो सेंट सकाळी ड्युटीवर निघताना लावायची. खाकी ड्रेस चढवला, केस बांधले, बिल्ला लावला, की आरशासमोर मानेला आणि मनगटाला एकेक फवारा. मग दिवसभर बुलडाणा ते रोहिणखेड आणि परत. "पुढं सरका, मागं जागा रिकामी हाय, तिथं काय वाघ बसला?" हा तिचा आवाज बसमध्ये, आणि त्याच्या पाठोपाठ निशिगंध. एकदा एक म्हातारा म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाडीत लगनात आल्यावाणी वाटते." ताई म्हणाली, "मंग आहेर काढा बाबा, सुट्टे पैसे द्या."

तिला बरीच स्थळं येऊन गेली. कंडक्टर म्हटलं की लोक चहा पिऊन निघून जायचे. दिवसभर पुरुषांच्या गर्दीत उभी राहणारी मुलगी, असं ते बोलत नसत, पण कपात बघत. मेहकरकडचा हा एक मात्र वेगळा निघाला. शाळेत क्लार्क. पाहायला आला तेव्हा त्यानं स्वयंपाकाचं विचारलं नाही. गर्दीत हिशेब कसा जुळवता, ड्रायव्हर त्रास देतात का, असं विचारलं, आणि ताईनं सांगितलेल्या एका गोष्टीवर अगदी खळखळून हसला. त्यानंतर दोन दिवस ताई भांडी घासताना गुणगुणत होती. तिला तो आवडला होता. घरात हे सगळ्यांना दिसत होतं.

मग त्याची आई आणि आत्या ओळख न देता ताईच्या बसमध्ये बसल्या. हे आता सर्रास चालतं. मुलगी घरी कशी दिसते ते पाहून झालं, की कामावर कशी आहे ते लपून पाहायचं. बुलडाण्याला चढल्या, बायकांना असतात ती अर्धी तिकिटं घेतली, मोताळ्याला उतरल्या. संध्याकाळी जुळवाजुळव करणाऱ्या मावशीचा फोन आला. पोरगी चांगली, कामाची हाय, पण ड्युटीवर सेंट मारून येते. कोणासाठी मारते?

माय म्हणाली, "अवं, राजूरच्या घाटात लोक ओकतात ना. तिले तो वास सहन होत नाही. म्हणून रुमालावर मारते बिचारी."

थोड्या वेळानं मावशीचा परत फोन. असं होय! मंग काही हरकत नाही. लगनानंतर पोरगी दुसरी लाइन घेईल, मंग कायले लागते सेंट.

"माय, तू खोटं काऊन बोलली?" मी विचारलं.

"खोटं काय हाय त्यात? ओकत नाहीत काय लोक?"

ओकतात. पण ताई सेंट घरून लावून निघते आणि घाट नंतर येतो. मी तणतणले. बाईच्या अंगाला वास यायचा तर त्याला कारण लागतं. बुद्धवंदनेच्या फुलांचा चालतो. नवऱ्यानं आणून दिलेला चालतो. आता ओकारीपायी लावलेलाही चालला. फक्त मला आवडतो, हे कारण चालत नाही. मी म्हटलं, मीच करते त्याच्या आईला फोन.

"ठेव तो फोन," ताई म्हणाली. "तुह्यं पत्रक वाचून माह्यं लगन होणार हाय काय? मले ते घर पसंत हाय. चूप बस."

मी फोन ठेवला. फार राग आला होता, तिचाच जास्त.

पुढच्या आठवड्यात मला रोहिणखेडला बायकांची बैठक होती. ताईच्याच गाडीत बसले. बुलडाण्याला तो मेहकरकडचा क्लार्क चढला. चेहऱ्यावरून दिसत होतं की मुद्दाम आलाय. तिनं तिकीट दिलं, त्यानं घेतलं, दोघंही लाजले. घाटात नेहमीप्रमाणे एका बाईनं खिडकीतून मान बाहेर काढली. ताईनं तिला लिंबू दिलं, पाठीवर हात फिरवला. मोताळ्याला गाडी थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, गाडी बरीच रिकामी झाली. ताईनं बॅगेतून बाटली काढली आणि मानेला एक फवारा मारला.

"आता तं घाट गेला ना मॅडम?" तो हसत म्हणाला. चिडवतच होता, वाईट बोलला नाही.

ताईनं बाटलीला टोपण लावलं. मग म्हणाली, "घाटाचा काही संबंध नाही. मले हा वास आवडते. शाळेत होती तवापासून आवडते. घाट नसता तरी लावला असता."

"मले काही अडचण नाही जी," तो लगेच म्हणाला. "फक्त आईले घाटाचंच सांगू. तिले तेवढ्यानं बरं वाटते. काय बिघडते?"

"आन् घाटाची लाइन सुटल्यावर?"

त्यानं तिकिटाची घडी घातली. "मंग घरी नका लावू. बाहेर लावत जा. मी कुठं नाही म्हणतो?"

किती गोड बोलला तो. दरडावलं असतं तर मी उठून उत्तर दिलं असतं. अशा बोलण्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सापडलेलं नाही. ताईनं बाटली बॅगेत ठेवली, ड्रायव्हर चढला, तिनं घंटी मारली. रोहिणखेडपर्यंत ती पुढच्या दाराशी उभी होती.

ड्युटी संपवून आल्यावर तिनं मायला सांगितलं, "त्यायले नाही म्हणून कळव."

माय हातातलं पीठ तसंच घेऊन उठली. "एवढ्याशा वासापायी? माणूस चांगला हाय वं."

"हाव, चांगला हाय. पण मले जन्मभर घाट सांगत बसता येणार नाही."

मी मागून म्हटलं, "बरोबर केलं ताई."

ती गर्रकन वळली. "तुले काय जाते बरोबर म्हणायले? आवडला मले होता, तुले नाही."

मायनं हात धुतले आणि मावशीला फोन लावला. मावशीनं नकाराचं कारण विचारलं. माय म्हणाली, "मेहकर लांब पडते म्हणते पोरगी."

मावशीचा आवाज फोनमधून खोलीभर आला. "लांब? अवं, एसटीत हाय ना ते? तिले काय लांब?"

ताईनं मायच्या हातातून फोन घेतला. "लांब नाही मावशी. मीच नाही म्हटलं. कारण सांगते, ऐका." पुढं बोलताना तिचा आवाज फुटला. मायनं हात पुढे केला, पण फोन तिनं परत दिला नाही.